काळी, पांढरी आणि धातूचे आवाज

पुरलेला धातू कानाने शोधण्याची पहिली मोठी खटपट फसली. ती का फसली, हे या विषयात येणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यावे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला आणि एक गोळी शरीरातच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी डेव्हिड ह्यूज यांच्या दोनच वर्षांपूर्वीच्या 'इंडक्शन बॅलन्स'वरून एक यंत्र जुळवले. तारेची वेटोळी, एक बॅटरी आणि कानाला लावायचा टेलिफोन, एवढाच सरंजाम. प्रयोगात ते चांगले चालले. रुग्णाच्या अंगावरून फिरवले तेव्हा मात्र जिथेतिथे बारीक आवाज येत राहिला. गादीत पोलादी तारा होत्या, हे मागाहून कळले. शिवाय डॉक्टरांनी उजव्या बाजूलाच शोध घेऊ दिला होता आणि गोळी निघाली डावीकडे. राष्ट्राध्यक्ष १९ सप्टेंबरला वारले.

यंत्र खरे बोलत होते. त्याच्याखाली धातू होताच. ऐकणाऱ्यांना आजूबाजूला काय आहे ते ठाऊक नव्हते आणि गोळी कुठे असणार हे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते. आज मेटल डिटेक्टर घेऊन शेताच्या बांधावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बहुतेक चुका या दोनच जातीच्या असतात. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत तर फारच, कारण इथे पोलादी तारांचे काम जमीनच करते.

मी हा विषय खानदेशातल्या वाचकापुढे ठेवतो आहे तो विशिष्ट हेतूने. पुरलेल्या धातूविषयी आपल्याकडे कुतूहल कमी नाही. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीतले धन दिसते, हा समज आजही ऐकायला मिळतो. गुप्तधनाच्या नावाने अघोरी प्रकार होत आले. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत अशा प्रकारांचा समावेश करावा लागला, यातच सारे आले. मशीन बाजारात मिळू लागल्यावर पुष्कळांनी ते याच अंजनाच्या जागी बसवले: मशीन ओरडले की खाली सोने. या समजुतीतून जुन्या गढ्या, देवळांचे ओटे आणि ओसाड गावठाणे खणली जातात. खणणाऱ्याच्या हाती गंजलेला खिळा येतो आणि इतिहासाच्या हाती खड्डा राहतो.

मला या वाचकाशी भांडायचे नाही. त्याच्या कुतूहलाला मी मनापासून आत बोलावतो आहे. इतिहासाच्या वर्गात बसणारी मुले, पाणीपुरवठ्याची गाडलेली लाइन शोधणारे कर्मचारी, पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातले जवान, डाळ मिलमध्ये डाळीच्या धारेतून लोखंडाचा कण पकडणारे तंत्रज्ञ, आपल्या शेतात नांगराला काय लागले ते जाणून घेऊ पाहणारा शेतकरी, या सगळ्यांचे शास्त्र एकच आहे. त्यात पाऊल टाकण्याआधी एवढे लक्षात घ्यावे की यंत्राचा आवाज वस्तूचे नाव सांगत नाही. तो वस्तूचे काही गुण सांगतो, तेही ती ज्या मातीत पडली आहे तिच्या गुणांत मिसळून. म्हणून आधी माती ओळखावी लागते, मग धातू.

यंत्राचे काम थोडक्यात असे. कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. एकातून बहुतेक यंत्रांत सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला जातो आणि त्यामुळे खाली जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की धातूच्या अंगात भोवरे-प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचे स्वतःचे लहानसे क्षेत्र तयार होते. दुसरे वेटोळे ते टिपते. मूळ लहर आणि परतलेली लहर यांत थोडा विलंब असतो आणि ओळखीची सारी मदार या विलंबावर आहे. चांदी-तांब्यासारख्या उत्तम वाहकात, वस्तू भरीव असेल तर, विलंब जास्त. पातळ पत्र्यात किंवा बारीक तुकड्यात कमी. लोखंडाचे वेगळेच, कारण ते प्रवाह तर वाहतेच, पण चुंबकीय क्षेत्र स्वतःकडे ओढूनही घेते.

खोलीचा हिशेब फार कठोर आहे. कॉइलपासून जाणारे क्षेत्र अंतराच्या घनाने क्षीण होते आणि परत येणारेही घनाने. म्हणजे कॉइलच्या आकाराच्या मानाने खोल असलेली लहान वस्तू दुप्पट खोल गेली की तिची साद चौसष्टावा हिस्सा उरते. नाण्याएवढी वस्तू साध्या यंत्राला वीतभर खोलीच्या आसपास ऐकू येते, ती याच कारणाने. दहा-वीस फूट खालचा हंडा दाखवणारे मशीन विकायला कोणी आले तर हे गणित त्याच्यापुढे मांडावे.

आता आवाजाकडे. एक मोठा गैरसमज जुन्या सराफीतून आला आहे. पूर्वी रुपया घेताना तो दगडावर वाजवून घेत. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. तो नाद चांदीचा स्वतःचा असे. मशीनमधला आवाज धातूचा नसतो. विलंबाचा आकडा कोणत्या सुरात ऐकवायचा हे बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेले असते. लोखंडाला खालचा घोगरा सूर, पत्रा-शिसे-पितळेला मधला, तांबे-चांदीला वरचा, हा सर्वसाधारण संकेत; तरी एका कंपनीचा मधला सूर दुसरीच्या वरच्याजवळ असू शकतो. दुसऱ्याच्या मशीनवर शिकलेले कान आपल्या मशीनवर पुन्हा तयार करावे लागतात.

आणि सोने? जळगावच्या सराफ बाजाराचे नाव सुवर्णनगरी म्हणून दूरवर आहे, त्यामुळे हा प्रश्न इथे हमखास येतो. सोन्याचा म्हणून वेगळा आवाज नाही. तांब्याची विद्युतवाहकता १०० धरली तर चांदीची सुमारे १०५, सोन्याची ७०, अॅल्युमिनियमची ६१, पितळेची २८, लोखंडाची १७ आणि शिशाची ८. नुसत्या यादीवरून सोने चांदी-तांब्याच्या खालोखाल बोलायला हवे. पण यंत्राला वाहकतेबरोबर वस्तूचा आकार आणि जाडीही भिडते आणि दागिन्याचे सोने मिश्रधातूचे असते, त्याची वाहकता शुद्ध सोन्याहून बरीच कमी. म्हणून बारीक अंगठी, नथीचा तुकडा किंवा मणी यांचा सूर गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीसारख्या कागदाशेजारी पडतो. उलट शिसे वाहकतेत तळाला असूनही बंदुकीची भरीव शिशाची गोळी बरीच वर बोलते. केवळ सुरावरून ओळख पटली असे म्हणणारा माणूस यंत्रापेक्षा आपल्या इच्छेचे जास्त ऐकतो.

हे समजायला वाचनापेक्षा एक वाफा उपयोगी पडतो. आपल्या परसात, आधी मशीनने तपासून स्वच्छ केलेल्या जागेत, हातभर अंतराने ओळखीच्या वस्तू पुराव्यात. प्रत्येक चार-सहा बोटे खोल आणि जागेवर खुणेची काडी. आजचा एक रुपया, जुने अॅल्युमिनियमचे वीस पैसे, तांब्याच्या तारेचे कडे, पितळी तोटीचा तुकडा, बैलाच्या पत्रीचा खिळा, तापीवर मासे धरणाऱ्यांच्या जाळ्याला असते तशी शिशाची गोळी, आणि घरात असेल तर चांदीचा रुपया.

मग ऐकावे. चांदीचा रुपया, १९३९ पर्यंतचा, ११.६६ ग्रॅमचा आणि शेकडा ९१.७ चांदीचा, दोन्ही बाजूंनी सारखा, वर उचललेला, कडा स्वच्छ असलेला सूर देतो. कॉइल डावीकडून नेली काय नि उजवीकडून, आवाज त्याच जागी सुरू होतो आणि त्याच जागी थांबतो. वीस पैसे त्याच्या खाली, पण तितकेच सरळ. आजचा रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा, म्हणून तो गोंधळ घालतो. कधी घोगरा, कधी उगाच वर उडी. १९४७ चा निकेलचा रुपयाही चुंबकीयच, त्याच्याकडून चांदीची अपेक्षा ठेवू नये. पत्रीचा खिळा सर्वांत शिकवणारा. आडवा पडला असेल तर लांबीच्या दिशेने कॉइल नेताना दोन टोकांना दोन ठोके पडतात, आडव्या दिशेने नेताना एकच, तोही तुटका. जागेवर उभे राहून पाव वळण घ्यावे आणि पुन्हा फिरवावे. गोल, बिनलोखंडी वस्तू असेल तर सूर टिकतो. लोखंडाचा लांबट तुकडा असेल तर तो फाटतो किंवा जागा बदलतो. पुष्कळ अनुभवी माणसे पडद्यावरच्या आकड्याकडे पाहतही नाहीत, या पाव वळणावर त्यांचा भरवसा जास्त असतो. मलाही तेच योग्य वाटते.

आवाजाचा आकार सुराइतकाच बोलका असतो. उथळ वस्तू मोठ्याने आणि अचानक बोलते. खोल वस्तू हळू, पण कडा मऊ ठेवून. कॉइल हळूहळू वर उचलावी; आवाज लगेच मेला तर वस्तू लहान आणि वर आहे, वर नेत गेलो तरी टिकून राहिला तर मोठी किंवा खोल. पसरट, लांबपर्यंत न तुटणारा वरचा सूर ताम्रपटाचा असू शकतो आणि पितळी परातीचाही. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव किंवा मोठा पत्रा तर कान फसवून तांब्याच्या जागी जाऊन बसतो. चपट्या आणि मध्ये भोक असलेल्या लोखंडात भोवरे-प्रवाहांना मोकळे फिरायला वाव मिळतो, म्हणून हे होते. काठावर उभे पडलेले नाणे क्षीण बोलते, कधी खिळ्यासारखे दुहेरी. खिळ्याच्या अगदी शेजारी पडलेले नाणे बोलतच नाही, कारण लोखंड त्याला झाकून टाकते. म्हणून शांतता म्हणजे रिकामी जमीन, असा निष्कर्ष काढू नये.

आता ती जमीन. खानदेशाच्या तळाला दख्खनचा बसाल्ट आहे आणि त्यात टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे कण आहेत. त्याच्या झिजेतून आलेल्या काळ्या मातीत ते कण उतरले आहेत. चुंबकीय कणांनी भरलेली जमीन कॉइलला सतत उत्तर देते. यासाठी यंत्रात 'ग्राउंड बॅलन्स' असतो. मोकळ्या जागेवर कॉइल वर-खाली हलवत जमिनीची गुणगुण सपाट होईपर्यंत मेळ बसवायचा, म्हणजे जमिनीचे उत्तर वजा होते. हा मेळ सकाळी एकदा बसवून दिवसभर विसरायचा नसतो. धुळे-नंदुरबार पट्ट्यात उभ्या डोलेराइटच्या डाइक-भिंतींची दाटी आहे. काही किलोमीटर सरळ धावणाऱ्या या काळ्या रांगा साक्री-शिरपूरकडे जाताना रस्त्यावरूनही दिसतात. मळईवरून अशा रांगेवर पाऊल पडले की मशीनची गुणगुण चढते आणि सुटा काळा गोटा छोट्या लोखंडासारखा बोलतो. तो पायाने बाजूला सरकवला की आवाजही सरकतो. पल्स पद्धतीची, म्हणजे क्षेत्र झटक्याने बंद करून मग ऐकणारी, यंत्रे इथे सोपी जातील असे पुष्कळांना वाटते. पण या मातीतल्या अतिसूक्ष्म चुंबकीय कणांची चुंबकता क्षेत्र बंद झाल्यावर जराशी रेंगाळते आणि त्या रेंगाळण्याचा आवाज धातूसारखा ऐकू येतो. त्यामुळे तिथेही मेळ बसवणे चुकत नाही.

भाजलेली मातीसुद्धा फसवते. मातीचे लोहकण विस्तवाने अधिक चुंबकीय होतात, म्हणून जुनी चूल, भट्टी किंवा जळून गेलेल्या घराची जमीन धातू नसताना खालच्या सुरात हुंकार देते. गुप्तधनवाल्याच्या लेखी हा खोटा आवाज. साक्री तालुक्यात कान नदीकाठच्या कवठे येथे डेक्कन कॉलेजने जी ताम्रपाषाणयुगीन वस्ती उत्खनित केली, तशा स्थळाच्या अभ्यासकाच्या लेखी मात्र हाच खरा आवाज आहे. इथे माणूस राहत होता, विस्तव पेटत होता, हे तो सांगतो.

काळ्या मातीचा आणखी एक गुण आपल्या शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय माहीत आहे. ही जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगून मिटते. स्वतःच स्वतःला नांगरते असे म्हणतात ते यावरून. भेगेत पडलेले नाणे एका पावसाळ्यात वीतभर खाली जाते, फुगणाऱ्या मातीने दाबलेला दगड वर येतो. या मातीत खोलीवरून काळ ठरवता येत नाही. वरचे ते नवे आणि खालचे ते जुने हा नियम पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, न हललेल्या थरांत चालतो, काळीच्या भेगांत चालत नाही.

पांढरी हा आपल्या प्रदेशाचा खरा दस्तऐवज आहे. नदीकाठची उंचवट्याची, राखट मातीची जुनी गावठाणे, पिढ्यान्‌पिढ्या घरे पडून-बांधून वाढलेली. गिरणाकाठच्या बहाळला १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५६-५७ मध्ये म. न. देशपांडे यांनी, तर तापी-गोमाई संगमावरच्या प्रकाशेला १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केले, ते अशाच पांढरीत. बहाळच्या समोर, नदीच्या पलीकडे टेकवड्याला दफने मिळाली. पण पांढरीची माती खताला चांगली म्हणून गाड्या भरभरून शेतांत गेली आहे. तिच्याबरोबर खापरे गेली, मणी गेले, नाणीही गेली. त्यामुळे शेतात, गावापासून कोस-अर्धा कोसावर, एकटे जुने नाणे बोलले तर तिथे वस्ती होती असे लगेच म्हणू नये. ते खताच्या गाडीतून आलेले असू शकते. आजूबाजूची खापरे पाहावीत, गावातल्या जाणत्या माणसाला विचारावे की या शेतात पांढरी टाकली होती का. खापर मशीनला ऐकू येत नाही. कानाबरोबर डोळे आणि जिभेवर एक नम्र प्रश्न, एवढी तयारी लागतेच.

ऐकण्याची वेळही निवडावी लागते. कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या असताना कॉइल जमिनीजवळ जात नाही. नांगरटीनंतरच्या ढेकळांत ती हिंदकळते आणि प्रत्येक हिंदकळ्याला खोटी साद येते. रान मोकळे आहे, मातीला वाफसा आहे आणि वखरपाळी झाली आहे, अशा दिवशी काम नीट होते. विहिरीवरची मोटर आणि वरून गेलेली थ्री-फेज लाइन असेल तर मशीन चिवचिवते; लाइट गेली की तेच रान गप्प होते. भारनियमनाचा एवढा एक फायदा या कामाला आहे. भुसावळच्या रेल्वेमार्गाजवळ मात्र तारांतला २५ हजार व्होल्टचा प्रवाह उसंत देत नाही. तिथे संवेदनशीलता उतरवून कमी खोलीवर समाधान मानावे.

एका प्रचलित सवयीविरुद्ध मला ठामपणे बोलायचे आहे. बहुतेक यंत्रांत 'डिस्क्रिमिनेशन' असते. ते चढवले की लोखंडाचे आवाज गाळले जातात. हौशी शोधकाला हे वरदान वाटते, कारण शेतात लोखंडच लोखंड: फाळाचे तुकडे, वखराच्या पासेचे खिळे, कुंपणाची काटेरी तार. पण खानदेशाच्या इतिहासात लोखंड हा मोठा विषय आहे. बहाळ आणि प्रकाशे, दोन्ही ठिकाणी ताम्रपाषाणयुगीन वस्तीनंतरच्या थरांत लोखंड येते आणि जीवन पालटते. हे लोखंड कुठे गाळले, कुठे घडवले, याचा माग लोहकीटाच्या, म्हणजे लोखंड गाळताना उरणाऱ्या मळाच्या, आवाजावरून लागू शकतो. कीटाचा आवाज घोगरा, फुटक्या कडांचा, एका जागी न थांबणारा असतो. एकच तुकडा असेल तर काही नाही, पण दहा-पंधरा पावलांच्या टापूत अशी खरखर दाट होत गेली आणि बाहेर विरळली, तर तिथे भट्टी किंवा लोहाराची जागा असण्याचा विचार करावा. लोखंड गाळून टाकणाऱ्याला ही जागा रिकामी वाटते. म्हणून अभ्यासकाने गाळणी शून्यावर ठेवावी आणि कानाला त्रास होऊ द्यावा.

नाणी आणि ताम्रपट यांचे आकर्षण मी समजू शकतो. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला होता. एक सत्ता मोडून दुसरी कशी आली याचा एवढा थेट पुरावा क्वचित मिळतो. दोनेक ग्रॅमचे असे एकटे नाणे मशीनमध्ये किंचित टिचकी मारते. मडक्यात हजारो एकत्र असली तर ती एकाच मोठ्या धातूच्या पिंडासारखी बोलतात आणि मडके स्वतः काहीच बोलत नाही.

पण आवाजापेक्षाही जागा मोलाची, हे सांगायला खानदेशाच्याच इतिहासातले उदाहरण आहे. वल्खा या ठिकाणाहून राज्य करणाऱ्या महाराजांचे काही ताम्रपट उजेडात आले होते. त्यांतला रुद्रदासाचा ताम्रपट शिरपूरचा. वल्खा म्हणजे चाळीसगाव तालुक्यातले वाघळी, असे मत म. म. वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. हाताशी असलेल्या पुराव्यावर ते तर्कशुद्ध होते. १९८२ मध्ये मध्य प्रदेशातल्या बागजवळ सत्तावीस ताम्रपटांचा साठा एकत्र मिळाला आणि वल्खा तापीखोऱ्यातून उठून नर्मदेकडे, बागच्या परिसरात गेले. अक्षरे तीच, राजे तेच. सापडण्याच्या जागेने एका राज्याचे घर बदलले. दायमाबादची कथा याच्या उलटी. १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना गावकऱ्याला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी साठ किलोंहून जास्त वजनाची ब्राँझशिल्पे मिळाली. चाळीसगावजवळचे पाटणे ज्यांनी उत्खनित केले ते एस. ए. साळी यांनी पुढे दायमाबादलाही विस्तृत उत्खनन केले आणि ही शिल्पे उत्तर हडप्पाकालीन ठरवली. तरी त्यांच्या काळाविषयीचा वाद पूर्ण मिटलेला नाही, कारण ती कोणत्या थरात होती हे निघताना कोणी पाहिले नाही. मशीनच्या एका ठळक आवाजावर फावडे मारणारा माणूस दर वेळी असाच एक वाद जन्माला घालतो. शिल्पे निदान आपल्या हाती तरी आली. बहुतेकदा वस्तू भंगारात किंवा दलालाकडे जाते.

हे यंत्र पुरातत्त्वाचे शत्रूच आहे असे समजणाऱ्यांशीही मी सहमत नाही. अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या १८७६ च्या रणभूमीवर १९८३ मध्ये वणवा लागून गवत जळाले. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी मेटल डिटेक्टर घेऊन माणसांच्या रांगा चालवल्या. प्रत्येक आवाजाला झेंडी, प्रत्येक काडतुसाची मोजणी, प्रत्येक गोळीची दिशा. त्या नकाशावरून लढाई कशी सरकत गेली हे समोर आले. जुन्या हकिकतींना धक्का बसला.

अशा कामाजोगी जागा आपल्याकडेही आहे. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरचा किल्ला आहे. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने तो घेतला. त्या दिवशीच्या कागदांत इंग्रजांची बाजू भरपूर आहे, किल्ल्यातल्या अरब शिबंदीची जवळजवळ नाही. मातीत मात्र दोन्ही बाजूंचे शिसे असण्याची शक्यता आहे. आपटून चपटी झालेली गोळी, न झाडलेली गोल गोळी, तोफगोळ्याचा लोखंडी कवच-तुकडा, या तिघांचे आवाज वर सांगितल्याप्रमाणे वेगवेगळे पडतात आणि कुठली कुठे आहे यावरून कोण कुठून झाडत होते हे मांडता येते. असे काम कोणी हौसेने, रात्री, एकट्याने करायचे नाही. ते पुरातत्त्व विभागाच्या परवानगीने, विद्यापीठाच्या देखरेखीखाली, जमीनमालकाला विचारून व्हायला हवे. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि धुळ्याचे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ यांच्या मुलखात ते व्हावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून कागद गोळा केले. कागद जिथे संपतो तिथून पुढे मातीतला धातू बोलू शकतो.

कायदा प्रत्येक वाचकाने माहीत करून घ्यावा. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही मोलाची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दहा रुपयांचा आकडा हास्यास्पद वाटतो, पण त्यामुळेच कळवण्याचे बंधन जवळपास सगळ्यालाच लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावस्तू ठरतात आणि त्यांत नाणीही आली. संरक्षित स्थळी परवान्याशिवाय उत्खनन गुन्हा आहे. लढाईच्या जागी आणखी एक सावधगिरी: आवाज मोठा, खोल आणि लोखंडी असेल तर तो न फुटलेला गोळा असू शकतो. तिथे फावडे नाही, फोन. पोलिसांचे पथक येईपर्यंत जागेवर कोणाला जाऊ देऊ नये.

राहिली वही. प्रत्येक आवाजाला एक ओळ द्यावी. जागा आधी: गाव, गट क्रमांक, बांधापासूनची पावले, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश. मग माती: काळी, मळई, मुरूम की पांढरी, वाफसा होता की कोरड, मेळ कधी बसवला. मग आवाज: सूर, दोन्ही दिशांनी सारखा का, पाव वळणावर काय झाले, कॉइल उचलल्यावर किती टिकला. शेजारी खापर, वीट, राख, कीट काय दिसले ते. शेवटी कंसात आपला अंदाज आणि तो पेन्सिलने, कारण पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागी पुन्हा ऐकल्यावर तो बदलण्याची शक्यता असते. वस्तू जमिनीतच राहू द्यावी. पुढची प्रकरणे वाचताना परसातला वाफा आणि ही वही जवळ असू द्यावी. पहिले प्रकरण लोखंडाचे आहे.